धावायचा सराव झाला, आता थांबायचाही करा!

तुम्ही सकाळी धावायला जाता का? किंवा घरातलं कुणीतरी नक्की जात असेल. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत असेल, बाबांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं असेल, नाहीतर ऑफिसच्या ग्रुपने जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नावं दिली असतील. मग सुरू होतो सराव. आज ५ किलोमीटर, रविवारी १०. बूट कोणते घ्यायचे, आधी केळं खायचं की नंतर, पाणी किती प्यायचं, सगळ्याचं वेळापत्रक मोबाइलमध्ये तयार असतं.

पण त्यात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. अंधुक उजेडात, एकट्याने धावत असताना समोर अचानक काहीतरी येऊन उभं राहिलं तर काय करायचं?

आपण म्हणतो, "तेव्हाचं तेव्हा बघू." पण तेव्हा बघायला वेळच मिळत नाही. त्या क्षणी शरीर जे सवयीचं आहे तेच करतं. आणि धावणाऱ्याच्या पायांना सवय कसली असते? धावायची! नेमकी तीच गोष्ट अनेकदा जिवावर बेतते. म्हणून आज आपण धावण्याबद्दल नाही, तर थांबण्याबद्दल बोलूया.

सहा मिनिटं, उलट्या पावलांनी

ऑक्टोबर २०२० मध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला होता. कदाचित तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचं शहर आहे. त्याच्या शेजारच्या डोंगरात स्लेट कॅनियन ही दरी आहे. २६ वर्षांचा एक तरुण तिथे एकटाच धावायला गेला होता. वाटेत त्याला काही छोटी पिल्लं दिसली. त्याने सहज मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. आणि तेवढ्यात पिल्लांची आई समोर आली.

ती होती कुगर. हिलाच प्युमा किंवा माउंटन लायन असंही म्हणतात. मांजरकुळातला हा मोठा प्राणी अमेरिका खंडात आढळतो. अंगावर ठिपके नसतात, पण आकाराने साधारण आपल्या बिबट्यासारखा असतो. ती मादी या तरुणाच्या मागे लागली आणि सुमारे सहा मिनिटं तिने त्याची पाठ सोडली नाही. मध्येच गुरकावायची, दात दाखवायची, पुढचे दोन्ही पंजे आपटत अंगावर आल्यासारखं करायची.

तो तरुण घाबरला होता. व्हिडिओत त्याचा आवाज ऐकला की ते कळतं. पण त्याने पाठ फिरवली नाही. तिच्याकडे तोंड ठेवून तो एकेक पाऊल मागे सरकत राहिला, मोठ्याने ओरडत राहिला, तिच्याशी बोलत राहिला. शेवटी संधी मिळताच त्याने एक दगड उचलून तिच्या दिशेने फेकला. ती वळली आणि पिल्लांच्या दिशेने पळून गेली. त्याला एक ओरखडाही आला नाही.

नंतर तिथल्या वन्यजीव खात्याने सांगितलं की ती शिकारीसाठी मागे लागली नव्हती. ती पिल्लांचं रक्षण करत होती आणि या माणसाला तिथून घालवत होती.

आता विचार करा, तो तरुण धावणारा होता. पायात दम होता. तरी तो पळाला नाही, आणि त्याचं घरी पोहोचणं यावरच अवलंबून होतं.

गणित सोपं आहे

उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केलं. तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास होता. हा जगातला सर्वांत वेगवान माणूस! तुम्ही-आम्ही सकाळी धावतो ते ताशी ८ ते १२ किलोमीटरने. गल्लीतला साधा कुत्रासुद्धा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. बिबट्या तर त्याहून कितीतरी वेगवान. म्हणजे ही शर्यत सुरू होण्याआधीच आपण हरलेलो असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, पळणाऱ्या वस्तूमागे पळणं ही या प्राण्यांची उपजत प्रवृत्ती आहे. कुत्रा चेंडूमागे का धावतो? मोटारसायकलच्या चाकामागे का धावतो? चाक खायचं नसतं त्याला. ते पळतंय म्हणून तो पळतो. आपण पाठ फिरवून पळालो की आपणही तसेच होतो. तोपर्यंत तो नुसता विचारात असेल, तर आपण त्याला निर्णय घेऊन देतो.

मग आपण पळतो का? कारण भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पायांकडे रक्त धावतं. शरीर आपल्याला पळायला किंवा लढायला तयार करत असतं. त्यात आपली चूक काहीच नाही. फक्त हे सगळं होत असताना एक लांब श्वास हळूहळू सोडायचा. श्वास सोडला की आवाज फुटतो, आणि आवाज फुटला की डोकं थोडं चालायला लागतं.

आपल्याकडे कुगर नाही, पण कुत्री आहेत

तुम्ही म्हणाल, युटाच्या डोंगराशी आमचा काय संबंध? बरोबर आहे. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा, हैदराबादला की नागपूरला, पहाटे तुम्हाला भेटणार ती गल्लीतली कुत्री.

मी वडोदऱ्यात राहते. गेल्या हिवाळ्यात सकाळी पावणेसहाला आमच्या मागच्या रस्त्यावरून धावत होते. उभ्या टेम्पोखालून एक कुत्री भुंकत बाहेर आली, तिच्या मागोमाग आणखी दोन. मी जागेवर उभी राहिले. हात छातीशी घेतले, नजर तिच्या डोळ्यांवरून खाली तिच्या पायांकडे नेली आणि "जा, जा घरी" असं जमेल तितक्या शांत आवाजात म्हणत राहिले. मग एक पाऊल मागे, पुन्हा एक पाऊल. पंधरा-वीस पावलांनंतर ती थांबली, वळली आणि परत टेम्पोखाली शिरली. माझे गुडघे मात्र नंतर पाच मिनिटं थरथरत होते. दूध द्यायला येणाऱ्या काकांनी सांगितलं, "तिला पिल्लं झालीत, आठवडाच झालाय."

बघा, तिकडेही आईच होती आणि इकडेही आईच. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्यांना बऱ्याचदा हिवाळ्यात पिल्लं होतात, आणि मॅरेथॉनचा सरावही नेमका त्याच महिन्यांत जोरात असतो. म्हणून या दिवसांत पार्क केलेल्या गाड्या, बांधकामाची वाळू, बंद दुकानांच्या पायऱ्या, कचराकुंडी अशा जागांच्या अगदी जवळून धावू नका. चार हात लांबून जा.

कुत्रं अंगावर आलं तर हे लक्षात ठेवा:

• धावणं लगेच थांबवा. शक्य असेल तर थोडं आडवं, म्हणजे खांदा त्याच्याकडे करून उभं राहा.

• डोळ्यांत डोळे घालून बघू नका. कुत्र्याला ते आव्हान वाटतं. पण पाठही फिरवू नका.

• हात हलवू नका, किंचाळू नका. आवाज शांत पण ठाम ठेवा.

• हळूहळू मागे सरका. पाण्याची बाटली, जॅकेट, छत्री, जे असेल ते तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. चावायचंच झालं तर त्याला ते चावू दे.

• खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, हातांनी मान आणि कान झाका, चेहरा आत वळवा आणि निपचित पडून राहा.

बिबट्या दिसला तर?

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या परिसरात मिळून सुमारे ५० बिबटे आहेत. एवढ्या मोठ्या शहराला चिकटून! जुन्नर, नाशिककडच्या उसाच्या पट्ट्यातही बिबट्या नवा नाही. बहुतेक वेळा तो माणसाला बघून स्वतःच बाजूला होतो. पण सामना झालाच तर दोन गोष्टी कुत्र्यापेक्षा वेगळ्या आहेत.

कुत्र्यासमोर शांत राहायचं, बिबट्यासमोर मोठं दिसायचं. हात वर करा, जॅकेट डोक्यावर पसरा, मोठ्याने ओरडा. वाकू नका, बसू नका, कारण खाली बसलेला माणूस त्याला छोट्या प्राण्यासारखा दिसतो. लहान मूल सोबत असेल तर त्याला उचलून घ्या. नजर त्याच्यावर ठेवा आणि त्याला निघून जायला मोकळी वाट द्या. पळायचं नाही, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच.

आणि हल्ला झालाच तर? थांबणं म्हणजे हार मानणं नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सजवळच्या टेकडीवर एक जण धावत होता. मागे पाचोळ्याची सळसळ ऐकू आली म्हणून त्याने वळून पाहिलं, तर कुगरचं वाढत्या वयाचं पिल्लू होतं. त्याने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. हा माणूस काठी, दगड, हाताला येईल त्याने लढला आणि शेवटी पायाने त्याची मान दाबून वाचला. चेहऱ्यावर टाके पडले, पण तो स्वतःच्या पायांनी खाली आला. त्याला सळसळ वेळेवर ऐकू आली, ही गोष्ट कानात इअरफोन घालून धावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चावलंच, तर घड्याळ सुरू झालं समजा

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याच्या चाव्याची जखम दोन आठवड्यांत भरते. खरी भीती तिची नाहीच. खरी भीती रेबीजची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात आणि त्यातले जवळपास ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. एकदा लक्षणं सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पण लक्षणं दिसायच्या आधी, वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. मधला काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा असतो, कधी एका आठवड्याइतका कमी, तर कधी वर्षभराचा. म्हणूनच "काही झालं नाही अजून" यावर विसंबून राहायचं नाही.

चावलं किंवा नखाने ओरखडलं, रक्त आलं नाही तरी:

• लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा. मोबाइलवर टायमर लावा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. घरी जाईपर्यंत थांबू नका. वाटेत मंदिराचा, बागेचा, चहाच्या टपरीचा नळ असतोच.

• हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

• त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

• रक्त आलेली जखम असेल तर लसीसोबत "रेबीज इम्युनोग्लोब्युलिन" लागतं. ते जखमेत आणि जखमेभोवती देतात. डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारा.

• लसीचे सगळे डोस पूर्ण करा. स्नायूत देण्याची लस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी देतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाचा डोस नसतो. दोन इंजेक्शनं घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून देऊ नका.

"कुत्रा तर शेजाऱ्यांचा पाळीव आहे" किंवा "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू" असं म्हणत थांबू नका. लक्ष जरूर ठेवा, पण लस आधी सुरू करा. आणि पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजूनही काही आजी-आजोबांच्या मनात आहे. ती जुन्या प्रकारची लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात.

इथे पालकांना एक विनंती. कुत्रा चावलेल्यांमध्ये लहान मुलांचं प्रमाण मोठं असतं, आणि मुलं बरेचदा घरी सांगत नाहीत. का? "तू तिकडे गेलासच कशाला?" म्हणून ओरडा बसेल, या भीतीने. एवढ्याशा भीतीपायी जीव जाऊ शकतो. आजच रात्री जेवताना मुलांना सांगा, "कुठलाही प्राणी चावला, ओरखडला किंवा त्याने जखमेवर चाटलं, तर लगेच आम्हाला सांग. आम्ही अजिबात रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.

जिथे थांबायचं नसतं

प्रत्येक भीतीदायक भेट चार पायांच्या प्राण्याशीच होते असं नाही. ज्या मुली आणि बायका एकट्या धावतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. मागून हळू येणारी बाईक, तिसऱ्यांदा दिसलेला तोच माणूस. इथे नियम उलटा होतो. इथे थांबायचं नाही, मान राखायला उत्तर द्यायचं नाही. उजेडाकडे आणि माणसांकडे धावायचं. दूधकेंद्र, रिक्षा स्टँड, पहारेकरी असलेलं कुठलंही गेट चालेल. ११२ हा आपत्कालीन नंबर देशभर चालतो. "मला उगाच वाटत असेल" असं स्वतःला समजावत बसू नका. उगाच वाटलं असेल तर फार तर एक फेरी वाया जाईल.

म्हणजेच पळायचं की थांबायचं, हे समोर कोण आहे यावर ठरतं. आणि ते ठरवायला तेव्हा वेळ नसतो, म्हणून आधीच ठरवून ठेवायचं.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

घरात एकाला तरी आजचा रस्ता आणि परत यायची वेळ सांगा, किंवा फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवा. गाणी ऐकायचीच असतील तर एकच कान बंद ठेवा. फिकट किंवा चमकणाऱ्या पट्टीचा टी-शर्ट घाला. खिशात एक चिठ्ठी ठेवा, त्यावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर. फोन लॉक असला तरी चिठ्ठी वाचता येते. गळ्यात शिट्टी असली तर उत्तम. नवा रस्ता आधी उजेडात एकदा चालून बघा, तिथली कुत्री कुठे बसतात ते कळेल. आणि ज्या गल्लीत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालेलं नाही तिथल्या रहिवाशांनी मिळून महापालिकेला कळवा. दगड मारून कुत्री शहाणी होत नाहीत, उलट पुढच्या माणसावर जास्त चिडतात.

अशी एखादी भेट झालीच, तर दुसऱ्या दिवशी बूट घालायला नको वाटेल. ते साहजिक आहे. दोन दिवस विश्रांती घ्या, मग कुणाला तरी सोबत घेऊन उजेडात त्याच रस्त्याने आधी चालत जा. धावणं आठवडाभराने सुरू केलं तरी काही बिघडत नाही. घरच्यांनीही "आता बंद कर ते धावणं" असं म्हणण्याऐवजी "चल, मी येतो सोबत" म्हटलं तर किती बरं वाटेल!

शेवटी एक छोटासा सराव सगळ्या कुटुंबासाठी. लहानपणी आपण "स्टॅच्यू" खेळायचो, आठवतंय? कुणीतरी "स्टॅच्यू!" म्हणायचं आणि आपण असू तिथे, असू तसे गोठून उभे राहायचो. या रविवारी मुलांसोबत बागेत तोच खेळ पुन्हा खेळा, फक्त एक बदल करून. "कुत्रा!" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, हात छातीशी घ्यायचे, नजर खाली आणि हळूहळू मागे. "बिबट्या!" म्हटलं की हात वर, मोठा आवाज आणि हळूहळू मागे. आधी मुलं खूप हसतील. हसू द्या. दहा-बारा वेळा झालं की ते पायांच्या लक्षात राहील, आणि हवं आहे तेही तेवढंच.